मागच्या बाकावरचा सोबती

सुताराचा मुलगा रंधा कसा धरतो, हे त्याचा बाप रोज पाहत असतो. हात वाकडा पडला, तर तो तेथल्या तेथे मनगट धरून सरळ करतो. नव्या सुनेच्या भाकरीला कडेने चिरा गेल्या, तर सासू परातीजवळ बसून पीठ किती मळावे ते दाखवते. गवंडी, लोहार, शिंपी या सर्वांचे शिक्षण असेच कामाच्या जागी, जाणत्या डोळ्यांसमोर होत असते. शिक्षकाच्या धंद्यात मात्र तसे घडत नाही. पदविका हाती पडली आणि नेमणुकीचा हुकूम आला, की शिक्षक वर्गात जातो, दार लोटून घेतो, आणि पुढची तीस वर्षे तो कसा शिकवतो हे त्याच्या विद्यार्थ्यांखेरीज सहसा कोणी पाहत नाही. आणि विद्यार्थ्यांना तर दुसरी रीत ठाऊकच नसते. आपले गुरुजी शिकवतात तेच शिकवणे, अशी त्यांची समजूत असते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादी मुलगी, सून किंवा भाऊ शिक्षकी पेशात आहे. ज्यांच्या घरी शिक्षक नाही, त्यांच्या घरी शाळेत जाणारे एखादे मूल तरी आहेच. म्हणून आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधायचे आहे, तो केवळ शिक्षकांपुरता नाही. शिक्षकाने शिकवता शिकवता स्वतः कसे शिकावे, आणि त्याच्या मदतीला आलेल्या जाणत्या माणसाचा पुरेपूर उपयोग त्याने कसा करून घ्यावा, असा हा विषय आहे.

इंग्रजीत या पद्धतीला ‘कोचिंग’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारला, की परीक्षेच्या शिकवणीवर्गाची पाटी डोळ्यांसमोर उभी राहते. त्याच्याशी आपल्या विषयाचा काही संबंध नाही. येथे शिकवणी विद्यार्थ्याची नव्हे, शिक्षकाची. आणि तीही वर्गाबाहेर नव्हे, तर चालू वर्गात. एक अनुभवी मार्गदर्शक मागच्या बाकावर येऊन बसतो, पाठ पाहतो, नंतर शिक्षकाशी बोलतो, काही करून दाखवतो, आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. या पद्धतीचे सारे मर्म या ‘पुन्हा येतो’ मध्ये आहे.

रोग कोठे आहे?

‘असर’ या नावाने ओळखली जाणारी आपल्या देशाच्या ग्रामीण भागाची शैक्षणिक पाहणी २०२४ साली झाली. तिच्यात तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाचवीत हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. म्हणजे पाच वर्षे शाळेत जाऊनही निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तक सरळ वाचता येत नाही. ही मुले रोज शाळेत जातात, पाटी-दप्तर नेतात, खिचडी खातात, प्रार्थना म्हणतात. त्यांना बुद्धी नाही असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. हीच मुले बाजारात हिशेब चुकू देत नाहीत.

मग घडते काय? कोणत्याही वर्गाच्या खिडकीजवळ क्षणभर उभे राहून पाहावे. बाई एक ओळ वाचतात, आणि चाळीस मुले एका सुरात ती ओळ म्हणतात. ऐकणाऱ्यास वाटते, वर्ग किती छान वाचतो आहे! परंतु त्याच पानावरील मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून एखाद्या मुलाला एकट्याला विचारावे, “बाळ, हा शब्द कोणता?” तो गोंधळतो, ओळीच्या सुरुवातीपासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येऊ पाहतो. त्याने धडा पाठ केलेला असतो, वाचलेला नसतो. चाळिसांच्या सुरात त्याचा मुका आवाज दडून जातो, आणि तो दडला आहे हे बाईंनाही कळत नाही. कारण फळ्याजवळ उभे राहिल्यावर जे दिसते, त्याहून मागच्या बाकावरून जे दिसते ते फार निराळे असते. या मुलाला कोणी वेळीच ओळखले नाही, तर पुढच्या इयत्तांचे इतिहास, भूगोल, विज्ञान सारेच त्याला बंद होतात, आणि एक दिवस तो शाळा सोडून मजुरीला लागतो.

तपासणीने काय साधते, शिबिराने काय साधते

या रोगावर जुना उपाय तपासणीचा. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘दिपोटीसाहेब’ आठवत असत. दिपोटी येणार म्हटले, की भिंती सारवल्या जात, हुशार मुले पुढच्या ओळीत बसवली जात, आणि एक सजवलेला पाठ सादर होई. साहेब शेरेबुकात दोन ओळी लिहून जात. वर्ग दुसऱ्या दिवशी होता तसाच चालू लागे.

तपासणीला पैशाची जोड दिली, तर काय होते याचा अनुभव इंग्लंडने घेतला. तेथे १८६२ साली असा नियम झाला, की निरीक्षकाने प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी आणि निकालाप्रमाणे शाळेला अनुदान मिळावे. परिणाम असा झाला, की अनुदानासाठी वाचनाचे पुस्तक मुलांकडून घोकून घेतले जाऊ लागले. सुमारे पस्तीस वर्षांनी ती पद्धत सोडून द्यावी लागली. भीतीपोटी माणूस उणीव झाकू लागतो, आणि झाकलेली उणीव कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

दुसरा उपाय प्रशिक्षण शिबिरांचा. तालुक्याच्या ठिकाणी दोन-चार दिवस शिक्षकांना एकत्र बसवून व्याख्याने दिली जातात. ती निरुपयोगी असतात असे नव्हे. परंतु सभागृहात ऐकलेली रीत आणि स्वतःच्या वर्गातील चाळीस मुले यांच्यामध्ये मोठे अंतर असते. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास हेच मांडले. तत्त्व सांगितले, पाठ दाखवला, थोडा सराव करून घेतला, तरी शिक्षक वर्गात परतल्यावर कोणी सोबतीला नसेल, तर नवी रीत बहुधा मागे पडते. ती अंगवळणी पडायची असेल, तर वर्गातच कोणीतरी हात धरणारा हवा.

दक्षिण आफ्रिकेतील एक पडताळा

हे म्हणणे खरे की खोटे, याचा एक चांगला पडताळा दक्षिण आफ्रिकेत झाला. त्या देशाचे दुखणे आपल्यासारखेच. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत तेथील चौथीच्या १०० पैकी ८१ मुलांना अर्थ समजून वाचता येत नाही, असे आढळले. तेथील नॉर्थ वेस्ट प्रांतात बहुसंख्य मुलांची घरची भाषा सेत्स्वाना आहे, आणि पहिली तीन वर्षे ती त्याच भाषेत शिकतात. २०१५ साली त्या प्रांतातील २३० गरीब शाळा निवडण्यात आल्या, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडण्यात आले. ८० शाळा होत्या तशाच ठेवल्या. ५० शाळांतील शिक्षकांना वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवसांची शिबिरे दिली. दुसऱ्या ५० शाळांत वाचनाचे जाणकार मार्गदर्शक सुमारे महिन्यातून एकदा वर्गात जाऊन बसू लागले. उरलेल्या ५० शाळांत पालकांच्या सभा भरवण्यात आल्या.

शिबिराच्या आणि मार्गदर्शकाच्या शाळांना रोजच्या पाठांची टाचणे आणि वाचनाच्या पुस्तिका एकच दिल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुख्य फरक एवढाच, की एकीकडे शिक्षक ज्ञानाकडे गेला, आणि दुसरीकडे ज्ञान शिक्षकाच्या वर्गात चालत आले. दोन वर्षांनी मुलांचे वाचन तपासले, तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा दिसली. परंतु मार्गदर्शकाच्या गटातील सुधारणा शिबिराच्या गटाहून दुप्पट होती. मार्गदर्शक ठेवण्यास खर्च अधिक येतो खरा, पण खर्चाच्या मानाने पाहिले तरी त्यातील फळ अधिक भरले. वर्गांचे निरीक्षण केल्यावर कारणही दिसून आले. मार्गदर्शक लाभलेले शिक्षक मुलांचे लहान लहान गट पाडून त्यांच्याकडून वाचून घेऊ लागले होते. अशा गटात प्रत्येक मुलाचा आवाज स्वतंत्र ऐकू येतो. सुरात दडलेले मूल तेथे सापडते.

गट पाडणे ही गोष्ट सांगायला सोपी, करायला कठीण. एका गटाचे वाचन चालू असताना बाकीच्या मुलांनी काय करावे? गोंगाट झाला तर? मुख्याध्यापक दारात आले तर? शिबिरात या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात. वर्गात मात्र सोबत कोणी असल्याशिवाय शिक्षकाला धीर होत नाही.

याच देशात २०१७ पासून म्पुमलांगा प्रांतात दुसरा प्रयोग झाला. तेथे इंग्रजी शिकवणाऱ्या काही शिक्षकांच्या वर्गात मार्गदर्शक प्रत्यक्ष जात, तर काहींना टॅब्लेट आणि फोन यांवरून दूरस्थ मार्गदर्शन मिळे. तीन वर्षांअखेर प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत मुलांचे इंग्रजी बोलणे आणि वाचणे दोन्ही सुधारले होते. दूरस्थ मार्गदर्शनाच्या शाळांत बोलण्यात थोडी सुधारणा दिसली. इंग्रजी वाचनात मात्र फरक पडला नाही. फोन सोयीचा आहे, पण मागच्या बाकावर तो बसू शकत नाही.

अमेरिकेतील मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन या संशोधकांनी अशा ६० अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकवण्यात चांगली सुधारणा होते, आणि मुलांच्या प्रगतीतही, जरी कमी प्रमाणात, ती उतरते, असे त्यांना आढळले. त्याचबरोबर त्यांनी दोन इशारे दिले आहेत. योजना फार मोठी केली, शेकडो शिक्षकांवर पसरली, की तिचा कस उतरतो. आणि मार्गदर्शनाचे तास नुसते वाढवल्याने फळ वाढते, असा पुरावा मिळत नाही. तासांपेक्षा त्या तासांत काय होते यालाच महत्त्व.

ही रीत ख्रिस्तसभेला परकी नाही

फ्रान्समधील रेम्स शहरी १६७९ साली गरीब मुलांसाठी शाळा निघाल्या, तेव्हा तेथील एक तरुण धर्मगुरू जॉन बाप्तिस्त द ला साल यांनी त्या कामाला हातभार लावला. ते श्रीमंत घराण्यातील आणि कॅथेड्रलचे कॅनन होते. शाळांतील मास्तर मात्र अर्धशिक्षित, अडाणी वळणाचे, मुलांवर ओरडणारे. ला साल यांनी त्यांना हुकूम पाठवले नाहीत. त्यांनी त्यांना प्रथम आपल्या पंक्तीला जेवावयास बसवले, आणि १६८१ साली आपल्या घरीच राहावयास आणले. नातेवाइकांना हे मुळीच रुचले नाही. परंतु त्या सहवासातूनच पुढे ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ उभा राहिला.

या संघाची शाळा चालवण्याविषयीची नियमावली १७२० साली छापली गेली. तिच्या हस्तलिखित परंपरेत नव्या शिक्षकाला घडवणाऱ्या अनुभवी बंधूसाठीही सूचना आहेत. नव्या शिक्षकाच्या अंगातून काय काढावे? बडबडेपणा, चुळबूळ, कठोरपणा, पक्षपात, निराशा. आणि काय रुजवावे? ठामपणा, जागरूकता, संयम. तीनशे वर्षांनंतरही कोणत्याही शाळेच्या मुख्याध्यापकाने ही यादी टेबलावर ठेवावी, अशीच आहे. १९५० साली पोप बारावे पायस यांनी संत ला साल यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

त्याहूनही जुने उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. अपुल्लोस हा वक्तृत्वसंपन्न आणि शास्त्रात पारंगत गृहस्थ एफिस येथे शिकवीत होता. परंतु त्याच्या ज्ञानात एक उणीव होती. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या ती लक्षात आली. त्यांनी त्याला भरसभेत टोकले नाही. आपल्याकडे नेऊन, अधिक नीट समजावून सांगितले. आणि त्या विद्वानाने तंबू शिवणाऱ्यांकडून शिकून घेतले. मार्गदर्शकाने कसे सांगावे आणि शिक्षकाने कसे घ्यावे, हे दोन्ही धडे या एका प्रसंगात आहेत.

शिक्षकाने काय करावे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मार्गदर्शक येणार आहे. त्याच्या येण्याचे सोने कसे करावे?

पहिली गोष्ट, आपला प्रश्न आपण निवडावा. “माझे शिकवणे सुधारावे” हा प्रश्न नव्हे. ती इच्छा झाली. “मागच्या दोन ओळींतील मुले तासाभरात एकदाही तोंड उघडत नाहीत” हा प्रश्न होय. “हातच्याची वजाबाकी फळ्यावर समजते, पण वहीत चुकते” हा प्रश्न होय. चांगला मार्गदर्शक आल्याबरोबर विचारतो, “बाई, आज मी कशाकडे लक्ष द्यावे, असे आपणांस वाटते?” या प्रश्नाला उत्तर तयार असलेली शिक्षिका अर्धे काम आधीच उरकून बसलेली असते. त्याने विचारलेच नाही, तर तिने आपण होऊन सांगावे.

दुसरी गोष्ट, रोजचा पाठ दाखवावा, सजवलेला नव्हे. वैद्यापुढे बसून “मला काही होत नाही” म्हणणारा रोगी औषधाविना परततो. सेमिनरीत आम्हांस प्रवचनाचा सराव सोबत्यांसमोर आणि गुरुजनांसमोर करावा लागे, आणि नंतर सर्वजण त्यावर बोलत. प्रत्येकास संकोच वाटे. तथापि आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, किंवा एकच शब्द आपण पुनःपुन्हा वापरतो, हे दुसऱ्याच्या कानांवाचून कळण्याचा मार्गच नाही. शिक्षकाचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट, मार्गदर्शकाकडे शेरा मागू नये, मोजमाप मागावे. “पाठ छान झाला” या वाक्याने समाधान होते, सुधारणा होत नाही. त्याऐवजी विचारावे: मी तासात किती प्रश्न विचारले? किती वेगवेगळ्या मुलांनी उत्तरे दिली? मुलगे किती, मुली किती? प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबले? या शेवटच्या प्रश्नाची मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या सुमारास बारकाईने पाहणी केली होती. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे तिला आढळले. तीन सेकंद थांबण्याची सवय लावल्यावर मुलांची उत्तरे लांब झाली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे एक दीर्घ श्वास. त्याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. परंतु आपण थांबत नाही हे आपले आपणांस कळत नाही. त्यासाठी घड्याळ घेऊन मागे बसणारा कोणीतरी लागतो.

चौथी गोष्ट, करून दाखवण्याचा आग्रह धरावा. “गट पाडा” असे सांगणाऱ्याला नम्रपणे म्हणावे, “सर, उद्या माझ्याच वर्गात, माझ्याच मुलांना घेऊन, पंधरा मिनिटे आपण करून दाखवा, मी मागे बसते.” यात दुहेरी लाभ आहे. रीत प्रत्यक्ष दिसते, आणि शिक्षिकेला आपल्या मुलांचे चेहरे एकदा तरी मागच्या बाकावरून निवांत पाहायला मिळतात. शिकवण्याच्या धांदलीत जे कधी दिसले नव्हते, ते तेव्हा दिसते.

पाचवी गोष्ट, नवी रीत त्याच आठवड्यात करून पाहावी, आणि पहिल्या अपयशाने टाकून देऊ नये. उजव्या हाताने विळा धरणाऱ्यास डाव्या हाताने धरायला सांगितले, तर पहिले चार दिवस कापणी मंदच होणार. नवी पद्धत आली की वर्ग काही दिवस आधीपेक्षा विस्कळीत दिसतो. पुष्कळ शिक्षक याच टप्प्यावर जुन्या वाटेला परततात. म्हणूनच मार्गदर्शकाची दुसरी भेट पहिलीहून अधिक मोलाची असते. ती कधी, कोणत्या वारी, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

सहावी गोष्ट, पटले नाही तर तसे सांगावे. मार्गदर्शकास रीत ठाऊक असते, पण मुले शिक्षकाला ठाऊक असतात. कोणाचा बाप आखातात आहे, कोण सकाळी दूध घालून मग शाळेत येतो, कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कोंकणी किंवा कानडी बोलतात, हे बाहेरून आलेल्यास कसे कळावे? अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात या विषयावर दीर्घकाळ काम केलेले जिम नाइट यांनी या नात्याला भागीदारी म्हटले आहे. ध्येय शिक्षकाने ठरवावे, मार्गदर्शकाने मार्ग सुचवावेत, निवड पुन्हा शिक्षकाने करावी, असा त्यांच्या सांगण्याचा रोख आहे. मुकाट्याने मान डोलावून मागाहून काहीच न करणे, हा आपल्याकडील नेहमीचा शिष्टाचार आहे. त्यापेक्षा प्रामाणिक मतभेद शतपटीने बरा.

सातवी गोष्ट, फळ मुलांत पाहावे. वर्गातील तीन मुले निवडावीत. एक पुढचे, एक मधले, एक अगदी मागे पडलेले. पाठटाचणाच्या वहीत त्यांच्यासाठी एक पान राखावे. आज हे मूल एका मिनिटात किती शब्द वाचते, सहा आठवड्यांनी किती वाचते, हे तारखेनिशी लिहावे. आकडा हलला नाही, तर रीत बदलावी. मुलाला दोष देऊ नये.

आणि जेथे मार्गदर्शक मिळत नाही तेथे? दोन शिक्षकांनी परस्परांचे व्हावे. आठवड्यातून एक तास एकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावे, आणि ठरलेली एकच गोष्ट पाहावी. तेही शक्य नसेल, तर खिडकीत फोन ठेवून आपल्याच पाठाचे चित्रीकरण करावे आणि घरी एकटे बसून पाहावे. ते चित्रीकरण मात्र स्वतःपुरतेच ठेवावे. मुलांचे चेहरे इकडेतिकडे पाठवू नयेत.

शाळाचालकांस आणि पालकांस

मुख्याध्यापक आणि व्यवस्थापक यांच्यावर येथे मोठी जबाबदारी आहे. आणि आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ शाळांचे व्यवस्थापक आम्ही धर्मगुरूच असल्यामुळे हे मी माझ्या बांधवांनाही उद्देशून लिहितो. मार्गदर्शकाची वही आणि शेरेबुक यांच्यामध्ये भिंत असावी. वर्गात दिसलेली उणीव जर बढती, बदली किंवा वार्षिक अहवाल यांत उतरणार असेल, तर कोणताही शिक्षक ती पुन्हा दिसू देणार नाही. आणि आपण दिपोटीसाहेबांच्या काळात परत जाऊ. दुसरे, बोलण्यास वेळ द्यावा. पाठ पाहिला आणि लगेच पुढच्या तासाची घंटा झाली, तर पाहिलेले वाया जाते. पाठानंतर अर्धा तास शिक्षिका मोकळी राहील, अशी वेळापत्रकात सोय करावी.

सरकारी शाळांत हे काम महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांकडे, तर कर्नाटकात समूह साधन व्यक्तींकडे येते. त्यांच्यापैकी अनेकजण स्वतः कसलेले शिक्षक असतात. परंतु तक्ते भरून घेणे, माहिती वर पाठवणे, सभांना हजर राहणे यांतच दिवस गेला, तर वर्गात बसणार कधी? ग्रामस्थांनी शाळा समितीत ही गोष्ट जरूर विचारावी. शाळेला रंग केव्हा देणार, हे आपण विचारतोच. वर्गात बसून बाईंना मदत करणारे कोणी शेवटचे केव्हा आले होते, हेही विचारावे.

पालकहो, आता एक शब्द आपल्यासाठी. नॉर्थ वेस्ट प्रांतात ज्या ५० शाळांत केवळ पालकांच्या सभा भरवल्या, तेथे मुलांच्या सरासरी वाचनात स्पष्ट म्हणावा असा फरक आढळला नाही. यावरून पालकांचे महत्त्व नाही असा अर्थ घेऊ नये. वर्गातील काम वर्गातच सुधारावे लागते, एवढाच घ्यावा. परंतु पालक एक गोष्ट बिघडवू मात्र शकतात. वर्गात कोणी पाहुणा बसलेला दिसला, की संध्याकाळी गावात कुजबुज सुरू होते: “अमक्या बाईंना शिकवता येत नाही, म्हणून वरून माणूस बसवला आहे.” या एका वाक्याने ती शिक्षिका पुढच्या वेळी दार बंद करून घेईल. वास्तविक जी शिक्षिका आपले काम दुसऱ्याला पाहू देते, ती दुबळी नव्हे. तिला आपल्या मानापेक्षा आपले मूल अधिक वाटते. अशा शिक्षिकेला रविवारी मिस्सानंतर भेटून दोन चांगले शब्द सांगावेत.

आणि घरी एक साधी परीक्षा घ्यावी. मुलाच्या पुस्तकातील मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून, प्रेमाने, न रागावता विचारावे, “बाळ, हे काय आहे?” सांगता आले तर देवाचे आभार मानावेत. आले नाही, तर मुलाला मारू नये, आणि बाईंवर तक्रारही करू नये. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शांतपणे म्हणावे, “बाई, आमचा मुलगा धडा म्हणतो, पण शब्द सुटा काढला की अडतो. आपण जरा पाहाल का?” पुढच्या वेळी मार्गदर्शक आले, की बाईंना विचारण्यास एक नेमका प्रश्न मिळालेला असेल.